घरी सगळे मला परमनंट समजतात

ताई, मला अहोजाहो करू नका. मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, ३६ वर्षांची.

एका रेडिओ केंद्राच्या वृत्त विभागात बारा वर्षं बातम्या वाचते, भाषांतर करते. नैमित्तिक, म्हणजे कायम नाही, बोलावतील तेव्हाच काम. महिन्याला सहा ड्यूट्या मिळतात, कधी चारच. उरलेल्या दिवसांत कार्यक्रम विभागासाठी तालुक्यांतून मुलाखती करून आणते आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी आठ वर्षांची, सासूबाई आमच्याकडेच असतात.

गेल्या श्रावणात पहाटे सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. मी स्टुडिओत, मोबाइल बाहेर पर्समध्ये. बातम्या संपवून आले तर नवऱ्याचे अकरा मिस्ड कॉल. निघालं पित्त, त्या आता ठीक आहेत. पण तेव्हापासून नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. ‘तुला रजा टाकता येत नाही का? बाकीच्या सरकारी बायका टाकतात’ म्हणतो. पूर्वी दाढी करताना माझ्या बातम्या लावायचा, आता लावत नाही.

दुसरं म्हणजे, एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे. ऑडिओ पुस्तकं आणि जाहिरातींसाठी मराठी मजकूर लिहायचा, वाचायचा. दहा ते सहा, महिना ४२ हजार, शनिवार-रविवार सुट्टी. करारात ‘आवाजाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी एक ओळ आहे, ती नेहमीचीच असते ना? पण मन होत नाही. इतकी वर्षं काढली आणि उद्या आम्हाला कायम केलं तर? परवा एसटीत ‘एक फुल, एक हाफ’ म्हटलं तर कंडक्टर वळून म्हणाले, ‘ताई, तुम्ही बातम्या देता ना?’ हे सोडून जाहिराती वाचू?

घरी सगळे मला परमनंट समजतात, त्यामुळे यातलं काहीच घरी बोलता येत नाही. काय करू?

ता. क. ‘तीन लाख पन्नास हजार’ वाचावं की ‘साडेतीन लाख’? आमच्याकडे यावरून दोन गट आहेत.

— सहा ड्यूट्यांची

*

बरं, तू म्हणालीस म्हणून तू.

बारा वर्षं बातम्या करतेस, मग ठळक बातमी तळाशी कशी गेली? ‘घरी सगळे मला परमनंट समजतात.’ ही ओळ तू ‘काय करू’च्या जेमतेम आधी, जाता जाता लिहिलीस. कॉपी माझ्या हाताखालून गेली असती तर मी ती उचलून वर घेतली असती आणि बाकीच्या पत्राला म्हटलं असतं, आता यामागून ये.

हे कसं झालं असेल याचा मला अंदाज आहे, कारण मीही सात वर्षं रेडिओवर नैमित्तिक होते. कांदेपोह्यांच्या वेळी कुणीतरी कौतुकाने म्हणालं असणार, ‘मुलगी रेडिओवर आहे.’ आपल्याकडे ‘रेडिओवर आहे’ म्हणजे सरकारी नोकरी, म्हणजे पेन्शन. तू खोटं बोलली नाहीस, पण कुणी दुरुस्तही केलं नाही. लग्नानंतर आज सांगू, उद्या सांगू करत बारसं झालं, मुलगी शाळेत गेली. मग सांगायला तोंडच उरलं नाही.

आता नवऱ्याचं वाक्य पुन्हा वाच. ‘बाकीच्या सरकारी बायका टाकतात.’ तुला यात टोमणा दिसतो. मला त्यात एका शिक्षकाचा साधा हिशेब दिसतो. त्याला किरकोळ रजा आहेत, वैद्यकीय रजा आहेत. त्याच्या समजुतीप्रमाणे त्या तुलाही आहेत. म्हणजे तू त्या असूनही घेत नाहीस. म्हणजे आईच्या छातीत दुखत असताना बायकोने रजा शिल्लक असून बातम्या वाचणं पसंत केलं. असा अर्थ लागल्यावर कोणता मुलगा दाढी करताना रेडिओ लावेल?

एक ड्यूटी सोडली तर महिन्याच्या बातम्यांच्या कमाईचा सहावा हिस्सा जातो, आणि पुढच्या महिन्याच्या तक्त्यात आपलं नाव खाली सरकेल अशी भीती असते ती वेगळीच. हे त्याला ठाऊकच नाही. तू त्याला ठाऊक होऊ दिलं नाहीस. त्याची बाजू घेतेय असं वाटेल, पण अकरा मिस्ड कॉलचा हिशेब मांडताना ही नोंद तुझ्या खात्यावर आहे.

माझं एक सांगते. फार जणांना सांगितलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन उरकून गावं झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. सकाळच्या बातम्यांत आमच्याकडे धड काही नव्हतं; धक्के बसले, लातूर-उस्मानाबाद भागात नुकसान झाल्याचं वृत्त आहे, एवढंच. अकराच्या सुमाराला गावांची नावं येऊ लागली. किल्लारी. सास्तूर. दर फोनला आकडा बदलायचा आणि आमचे संपादक सरकारी दुजोऱ्याशिवाय एकही आकडा वाचू देईनात. सास्तूर हे नाव मी स्वतः कागदावर उतरवलं. माझ्या नवऱ्याची सख्खी मावशी सास्तूरला दिलेली होती.

टेबलावर फोन होता, त्याच्या ऑफिसचा नंबर मला पाठ होता. तासाभरात बातमीपत्र तयार करायचं होतं. मी मनाशी म्हटलं, वाचून झालं की करते. दुपारी मी ते नाव वाचलं आणि त्याने ते ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या रेडिओवर ऐकलं, चार लोकांत, माझ्याच तोंडून. मावशी वाचल्या. घर पडलं. पण त्या वाचल्या हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

तो मला कधीच काही बोलला नाही. बऱ्याच वर्षांनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाला, ‘तू इतक्या शांत आवाजात वाचलंस ना, की मला वाटलं हे आपलं सास्तूर नसेल.’ बस, एवढंच. तो आवाज माझ्या पोटापाण्याचा होता. भूकंप असो की पंतप्रधानांचं निधन, आवाज हलू द्यायचा नाही असं आम्हाला शिकवलेलं, तुलाही शिकवलंय. घरी मात्र तोच आवाज भिंतीसारखा लागतो. तुझ्या नवऱ्याला तू त्या दिवशी फोन केलास तो कोणत्या आवाजात, हे आठवून बघ.

म्हणून पहिलं काम: त्याला सांग. सासूबाईंसमोर नको, मुलीसमोर नको, आणि पहाटेच्या ड्यूटीवरून आल्यावर तर अजिबात नको, तेव्हा आपण अर्धे झोपेत असतो. बारा वर्षांची करारपत्रं घेऊन बस. बँकेचं पासबुक ठेव समोर. ‘मी नैमित्तिक आहे, मला रजा नाही, फंड नाही, पेन्शन नाही, आणि हे तुला लग्नाआधी सांगायला हवं होतं’ एवढंच बोल. कंपनीच्या नोकरीचा विषय त्याच बैठकीत काढू नकोस. नाहीतर त्याला वाटेल, नोकरीला होकार मिळवायला ही सगळी प्रस्तावना होती. तो चिडेल. दोन दिवस जेवताना बोलणार नाही, तसाही आता कुठे बोलतोय. पण चिडायला त्याच्या हातात निदान खरं कारण असेल.

आणि ड्यूटी रूमचा लँडलाइन नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लाव. स्टुडिओतला लाल दिवा लागलेला असला तरी ड्यूटी ऑफिसर काचेबाहेरून चिठ्ठी दाखवू शकतो, दोन बातम्यांच्या मधल्या क्षणी आत येऊ शकतो. हे घरच्यांना माहीत नसतं. त्यांच्या लेखी आपण दहा मिनिटं चंद्रावर असतो. तशीच एक सोय सहकाऱ्यांमध्येही कर: रात्री अकरा वाजता फोन केला तर पहाटे उभी राहील अशी एक मैत्रीण हवी, आणि तिच्यासाठी तू.

आता ‘उद्या कायम केलं तर’.

या ‘तर’वर मी माझ्या बरोबरीच्या तीन-चार जणींना पन्नाशीला पोचताना पाहिलंय, म्हणून इथे गोड बोलणार नाही. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात निकाल दिला. नियमित निवड प्रक्रियेतून न आलेल्या हंगामी माणसाला केवळ वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असा त्याचा गाभा. मंजूर पदांवर दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकवेळची वाट तेवढी ठेवली होती. तू मंजूर पदावर नाहीस, बुकिंगवर आहेस. महिन्याला सहाच ड्यूट्या का, सात किंवा दहा का नाहीत, याचा कधी विचार केलायस? माझ्या मते त्या सहाच्या आकड्यातच उत्तर आहे. सलग नोकरी दिसायलाच नको.

वारं अगदीच उलटं आहे असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागेचं काम करणाऱ्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला. बारमाही काम करून घ्यायचं आणि उमादेवी निकालाची ढाल पुढे करून माणसाला हंगामीच ठेवायचं हे चालणार नाही, असं बजावलं. तेव्हा तुमच्या लोकांची केस चालू असेल तर त्यात नाव जरूर ठेव. सगळी करारपत्रं, मानधनाच्या नोंदी, ड्यूटी तक्त्यांचे फोटो जपून ठेव. पण केस एका बाजूला चालू दे आणि आयुष्य दुसऱ्या बाजूला. केस लागेपर्यंत थांबायचं ठरवलंस तर मुलगी कॉलेजात गेलेली असेल.

शिवाय, कायम होण्यासाठी आधी विभाग तरी कायम हवा. जून २०२३ आठवतंय ना? पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला होता. ज्या पुण्याहून सुधा नरवणे यांचा आवाज घराघरांत पोचला, तिथला विभाग! ओरड झाली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. मिळाली हे चांगलंच झालं. पण त्या आठवड्यात नैमित्तिक मंडळींची काय अवस्था होती हे तुला मी सांगायला नको.

‘हे सोडून जाहिराती वाचू?’, म्हणजे बातमीशिवाय जगेन का, हा तुझा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

आपल्या देशात रेडिओवर बातमी सांगण्याचं दुकान एकच आहे. २००१ पासून खासगी एफएम आलं, पण त्यांना स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची तेवढी मुभा आहे. सामुदायिक रेडिओचंही तेच. वर्तमानपत्रातला बातमीदार रुसला तर समोरच्या पेपरात जातो. आपण रुसून जायचं कुठे? या एकाच दाराने तुला बारा वर्षं ओट्यावर बसवून ठेवलंय. त्यात तुझ्या गुणांची कमी नाही, एवढं ध्यानात घे. या घरात खोल्याच कमी आहेत.

पण बातमी म्हणजे फक्त बातमीपत्र नाही, हे तुझ्याच पत्रात आहे. तालुक्यांतून मुलाखती करून आणते, असं तू एका ओळीत उरकलंस. कंडक्टरबद्दल मात्र तीन ओळी. (कंडक्टरचा किस्सा गोड आहे. माझा आवाज एकदा रेशनच्या रांगेत ओळखला गेला होता, साखर मात्र मापातच मिळाली.) ओळखला गेला तो आवाज बातमीपत्रातला. पण तुझ्यानंतर कुणी करणार नाही असं काम त्या मुलाखतींत असणार. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ बघ. २००८ पासून चालू आहे. सामुदायिक रेडिओला १०० वॅटचा ट्रान्समीटर, आवाका दहा-बारा किलोमीटरचा. बातमीपत्र नाही, तरी पाण्याची, बाजाराची, बायकांच्या धंद्याची गोष्ट तिथल्या बोलीत चालते. नियमांतसुद्धा हवामान, परीक्षा, वीज-पाणीपुरवठा, आपत्तीच्या वेळी प्रशासनाने दिलेली माहिती या गोष्टी ‘बातमी’त धरत नाहीत. गावच्या माणसाला विचारलंस तर पहिली बातमी तीच. असं काम शनिवार-रविवारी करता येतं. पोट त्यावर भरत नाही, हे खरं.

पोट भरायला ४२ हजार आहेत. माझं मत विचारशील तर घे ती नोकरी. जाहिराती वाचण्यात कमीपणा कसला? आम्ही कुटुंबनियोजनापासून खतांपर्यंत सगळं वाचलंय. दहा ते सहाच्या नोकरीत झोपेचा सूर लागेल, घशाला आराम पडेल. वीकेंडच्या ड्यूट्या चालू ठेवता येतील का, हे दोन्हीकडे विचार, लेखी. एका बाजूने नाही म्हटलं तर नाही.

पण ती एक ओळ. ती अजिबात नेहमीची नाही.

‘आवाजाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ याचा आजचा अर्थ असा की तू सहा महिने बसून वाचायचं, त्यावर यंत्राचा आवाज तयार करायचा, आणि सातव्या महिन्यात तुझी गरज संपली तरी तुझा आवाज कामावर राहणार. कुठल्या तेलाची, कुठल्या पक्षाची जाहिरात करेल, तुला विचारणार नाहीत. हे उद्याचं नाही, कालचंच आहे. २६ मे २०२४ ला डीडी किसान वाहिनीने क्रिश आणि भूमी हे दोन संगणकी निवेदक आणले, पन्नास भाषांत बोलू शकतील असं सांगून. न झोपणारे, ज्यांची सासू आजारी पडत नाही असे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी संगणकी नक्कल करायला अंतरिम मनाई केली, म्हणजे आवाज ही माणसाची स्वतःची चीज आहे हे न्यायालयाने ओळखलंय. पण त्यांनी सही करून दिलेली नव्हती. तू सही केलीस तर कोणत्या तोंडाने जाशील?

तेव्हा ती ओळ बदलून माग. नोकरीत असताना ठरलेल्या कामासाठी केलेलं ध्वनिमुद्रण त्यांचं. त्यावरून यंत्राचा आवाज घडवायचा असेल तर वेगळा करार, वेगळं मानधन, मुदत ठरलेली. राजकीय प्रचार आणि बातम्या यांसाठी वापर नाही. करार सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखव. हजार-दोन हजार जातील, जाऊ दे. कंपनीने ‘आमचा फॉर्मॅट आहे, बदलत नाही’ म्हटलं तर तू नको म्हण, ४२ असो की ६२. तुझ्याकडे आवाजाशिवाय दुसरं आहे काय? पदवी चारचौघींकडे असते.

राहिलं एक. राज्य सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे. तिला वयाची आणि पत्रकारितेत काढलेल्या वर्षांची अट आहे. तुझी बारा झालीत. पुढचं काम बातमीच्या जवळ राहिलं तर कागद उपयोगी पडतील. म्हणून पुन्हा म्हणते, कागद जप. आपल्या धंद्यात बोललेलं हवेत जातं, अक्षरशः.

सासूबाईंना कधी सांगायचं, हे नवऱ्यावर सोड. त्याची आई आहे.

आणि ता. क. चं उत्तर: साडेतीन लाख. ऐकणारा हातात कागद-पेन्सिल घेऊन बसलेला नसतो, ‘तीन लाख पन्नास’पर्यंत तो ‘तीन’ विसरलेला असतो. त्या गटाला माझा निरोप दे. पण नवऱ्याला सांगशील तेव्हा साडेअमुक-पावणेतमुक नको. गेल्या वर्षी रेडिओचे एकूण किती आले तो आकडा पासबुकातून काढ आणि रुपयापर्यंत सांग.